अबाउट फोन

जेल रोडवर माझं दुकान साडेचार बाय सहा.
फक्त कव्हरं, काचा आणि चार्जरच्या वायरी.
फोन मी विकत नाही. फोनची नावं मात्र
दिवसभर माझ्याच तोंडात:
बारा, बारा एस, बारा प्रो, बारा प्रो प्लस,
बारा टी, जो तेरानंतर आला,
आणि बारा लाइट, जो हातात घेऊन बघा,
सगळ्या भावंडांत जड.
एका कंपनीने अकरा काढलाच नाही.
का, असं विचारलं तर ठोकवाला छाबडा म्हणतो,
भिया, नंबर उनका, फॅक्टरी उनकी,
तू कव्हर बेच.

पण चुकीची किंमत कव्हरच मोजतं.
एस आणि एस-ई यांच्यात फरक एवढाच
की कॅमेऱ्याचं भोक
तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतकं खाली.
तेवढ्यासाठी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं
आणि अख्ख्या गल्लीला ऐकवतं.
म्हणून मी आता नाव विचारत नाही. फोन मागतो,
पालथा घालतो, कडेवरून अंगठा फिरवतो.

परवा दुपारी रामबागेतून एक बाई आल्या,
सत्तरीच्या, हातात रफू केलेली पिशवी.
"कव्हर द्या हो. पुतण्याचा जुना आहे, मला दिलाय."
कोणता?
"निळा."
मागची अक्षरं झिजलेली, उरलं होतं नुसतं निओ.
निओ चार आहेत, मावशी. निओ, निओ टू, निओ टू आर,
आणि परत एक नुसताच निओ, पण पुढच्या वर्षीचा.
"निओ म्हणजे काय पण?"
म्हटलं, नवा.

"मग बरोबर घरी आलाय," त्या म्हणाल्या.
"मी नवी काकू.
एकोणऐंशी साली धारहून आले तेव्हा
मोठी काकू होती, मधली होती, धाकटी पण होती.
उरलं काय? नवी.
मोठी गेली. मधली पुण्याला लेकाकडे गेली
ती तिकडेच राहिली, फोटोत.
धाकटीला दोन वर्षं होतील.
मी अजून नवीच.
माझ्यानंतर मॉडेलच आलं नाही."

सेटिंग्ज उघडली. सगळ्यात खाली, अबाउट फोन.
मॉडेलच्या वर, ठळक अक्षरांत,
डिव्हाइसचं नाव: नवी काकू.
पुतण्याने हौसेनं घातलेलं.
कपाळावरचा चष्मा खाली घेत त्यांनी वाचलं.
"हे बदलता येतं?"
मॉडेल नाही बदलत. नाव बदलतं.

मग एका बोटाने, थांबत थांबत.
मागे दोन पोरं उभी, एकाला अल्ट्राची काच हवी,
अल्ट्रा साधा की अल्ट्रा प्लस, त्यालाही माहीत नाही.
बाईंनी लिहिलं. खोडलं.
"लग्नातलं घालू का आधीचं?"
मला विचारलं की फोनला, कळलं नाही.
"लग्नातलं ताटातल्या तांदळात लिहिलं होतं, अंगठीने.
त्या तांदळाचा मग भात केला असणार."

टू आर निघाला. कव्हर बसलं, भोकाला भोक.
एकशे वीसचं, शंभर घेतले.
बिलावर नाव काय लिहू म्हणेपर्यंत
त्या रस्ता ओलांडून रसाच्या गाडीपाशी,
आल्याशिवायचा, बर्फाशिवायचा एक ग्लास.

काच लावून झाली. दुकानातला स्पीकर
पुन्हा बंद पडला होता, जोडायला ब्लूटूथ उघडलं.
आसपासच्या फोनांची यादी वर सरकू लागली:
बारा प्रो प्लस, एम चौदा, एम चौदा फाइव्ह जी,
छाबडा मोबाइल टू,
परत एक बारा प्रो प्लस,
आणि त्यांच्या मधोमध
शरयू.

लग्नातलं की आधीचं,
मला काय ठाऊक.
ग्लास रिकामा होईस्तोवर होतं.
मग बाई राजवाड्याकडे वळल्या
आणि यादीत तेवढी एक ओळ कमी झाली.
स्पीकर काही जोडला गेला नाही.