तासाला दोनशे

तासाला दोनशे. त्याहून एक जास्त
आणि दार बंद, उद्या सकाळपर्यंत.
वर्षाला अठराशे रुपये भरून घेतलेली
सर्व्हरवरची ही भाड्याची खोली.
पत्ता एक, बिऱ्हाडं चारशे,
शेजारी कोण, ते कुणी सांगत नाही.

धुमाळ तात्या घणसोलीला माझ्याकडे येतात
डब्यात शिरा घेऊन, म्हणजे काम मोठं आहे.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या माथाड्यांची पतपेढी,
सभासद अकराशे चाळीस,
वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी पोचलीच पाहिजे.
"पोस्टाने धाडली तर लाभांश तिकिटातच जाईल.
तुमचं फुकट जातं ना?"

फुकट.
गेल्या वर्षी एका दमात सोडली होती सगळी.
सभेला माणसं एकवीस. कोरम नाही म्हणून तहकूब,
अर्ध्या तासाने तेच एकवीस, तीच सभा, गार झालेले वडे.
बाकीच्यांची नोटीस पडून होती
लॉटरी लागल्याच्या आनंदवार्तांखाली, स्पॅमच्या टोपलीत.

खोदत गेले तेव्हा कळलं,
आमच्याच पत्त्यावर राहून कुणीतरी
टक्कल घालवायचं तेल विकत होता,
रात्रीत चाळीस हजार जणांना.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, म्हणतात;
इथे पवळ्याने ढवळ्याला बघितलंही नव्हतं
आणि काळ्या यादीत दोघांचं नाव.

या वर्षी शिकून बसले.
एक सही लागते, डोळ्यांना न दिसणारी,
कागदाच्या विणीतच घातलेली.
दारावर पाटी लागते: या घरची पत्रं
फक्त या हातून निघतात, बाकीची आमची नव्हेत.
विषयात "त्वरित" नको, "सुवर्णसंधी" तर नकोच.
तात्यांनी तीन उद्गारचिन्हं दिली होती,
मी एकेक काढताना ते जबडा धरून बसले.
आणि तळाला एक ओळ: नको असल्यास इथे कळवा.
"आपल्याच सभासदाला नको कसं असेल?"
तात्या, जायला दार ठेवलं
की माणूस खिडकी फोडत नाही.

पहिल्या रात्री चाळीसच. हमखास उत्तर देणारे.
दुसऱ्या रात्री ऐंशी.
नवा भाडेकरू आधी जिन्यात नुसता हसतो, तसं.
दोनशेची मुभा, पण मी एकशे ऐंशीच सोडणार;
वीस जागा पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी राखीव.

मग यादी. गेल्या वर्षी परत आलेले त्रेसष्ट.
तात्या चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून:
हा जावळीला गेला, कायमचा.
हा पोराकडे, चाकणला.
याचा पत्ता त्याच्या भाच्याने बनवला होता, भाचाच भांडून गेला.
हा गेला.
"कुठे?"
"गेला म्हणजे गेला."
मी खोडत जाते. बासष्टपर्यंत.

मारुती केंजळे.
याच्या पत्त्यावरून "असा कुणी नाही" येत नाही,
"पेटी भरली आहे" येतं.
बँकेची पत्रं, विम्याची, बहुतेक टकलाच्या तेलाचीही,
रिकामी करणारं कुणी नाही.
नियम सांगतो, काढा. एकाच्या पायी सगळ्यांची पत घसरते.
तात्या खिडकीबाहेर बघतात,
ठाणे-बेलापूर रोडवर एक टेम्पो मागे घेतोय कुणी.
"राहू दे. शेअर आहे त्याचा. वारस लागलेला नाही अजून."
मग बऱ्याच वेळाने,
"दोन गोणी उचलायचा. एका वेळी."

तिसऱ्या रात्री सहा तुकड्या, सहा तास.
पहाटे चारला मार्केटातून पहिलं उत्तर:
नोटीस मिळाली. वडे गरम ठेवा.
मग एक नुसतं "बरं".
मग एक "कोण आपण?"
तात्या प्रत्येक मोठ्याने वाचतात, डब्याचं झाकण वाजवत.

केंजळ्यांचं परत आलं.
पेटी भरली आहे. काही वेळाने पुन्हा पाठवून पाहू.
"म्हणजे? घेतलं का नाही त्याने?"
नाही म्हणालेला नाही, तात्या.
अजून.