पथारीवरचा मंगळ

नंदुरबारला, बायपासच्या पलीकडे
बावीस बिघे मिरची वाळत पडलेली.
रात्री बॅटरी मारली की जमीन तांबडी,
कडेकडेला काळपट,
आणि मधोमध आम्ही तिघं-चौघं
नाकातोंडाला रुमाल बांधून.
कुणी वरून बघितलं असतं तर म्हणालं असतं,
पोचली एकदाची माणसं मंगळावर.

मी इथला दिवाणजी.
पोती मोजतो, हजेरी लिहितो,
उरल्या वेळात अंतराळाच्या बातम्या वाचतो, मोठ्यानं,
कारण राखणीला बसल्या बसल्या
हिलालआबाचा डोळा लागतो.

"वस्ती होणार म्हणे तिथं, आबा. काचेच्या घुमटात घरं."
आबा तमाखू मळतो.
"पाऊस?"
"थेंब नाही."
"मग पथारी तिथंच टाकायची ना. सेठला सांग.
नाहीतर दर मार्गशीर्षात ताडपत्र्या घेऊन
आपली पळापळ."
चिमूट गालात गेली. जरा वेळानं:
"हवा नाही म्हणतोस, म्हणून हेल्मेट. बरं.
हेल्मेटात शिंक आली तर?"

मी अडलो.
किती रॉकेटं वाचली आजवर, किती इंधनं,
किरणांचा मारा, परतीचा रस्ता.
शिंकेचं कुणी लिहिलेलंच नाही.
"काच पुसायची कशानं?" आबा म्हणतो. "आतून?"
भटू हसता हसता ठसकला,
त्याचं बघून मी,
आणि मग पथारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
शिंकांची मालगाडी धडधडत गेली,
गार्डच्या डब्यासकट.

आवाजानं निंबाबाई झोपडीतून बाहेर आली.
तिला मी यंत्राचा हात दाखवला, व्हिडिओत.
रबरी बोटं. अंडं उचलतो, तडा जात नाही.
"देठ खुडी का हाऊ?"
खुडील, म्हटलं. रात्रंदिवस खुडील.
"हात नाही जळत त्याचे?"
नाही.
"मग झोपताना पोराच्या तोंडावरून
खुशाल फिरवत असेल."
आणि तिनं आपले हात
पुन्हा ताकाच्या भगोण्यात बुडवले.
मी व्हिडिओ बंद केला. बराच वेळ
आम्ही कुणी भविष्याबद्दल बोललो नाही.

मग भटूनं नवा फोन काढला.
बोलका. मराठी येतं म्हणाला दुकानदार.
आबानं तो मक्याचं कणीस धरावं तसा तोंडाशी धरला
आणि शेतापलीकडच्या माणसाला हाक घालावी तसं विचारलं,
"मंगय कथा शे?"

आता आमच्या अहिराणीत कथा म्हणजे कुठे.
फोनच्या शाळेत कथा म्हणजे कथा.
निळा गोल फिरला, फिरला,
आणि बाई गोड आवाजात म्हणाली,
"जरूर! ऐका मंगळाची कथा.
एका लाल ग्रहावर एक यंत्र एकटंच राहत होतं..."

थांबवावं असं कुणालाच वाटलं नाही.
यंत्राचं चाक वाळूत रुतलं तेव्हा भटू चुकचुकला.
निंबाबाई म्हणाली, "त्याला भाकर कोण देतं?"
"त्याला भाकर लागत नाही बाई. उन्हावर चालतं."
"उन्हावर?" तिनं पथारीकडे बघितलं.
"आपल्या मिरचीसारखंच म्हणजे."

गोष्ट संपली. यंत्र तिथंच राहिलं.
आबाचा प्रश्नही.
"अरे पन कथा शे?" त्यानं पुन्हा विचारलं,
आणि बाईनं दुसरी कथा सुरू केली.

तेव्हा आबा उठला.
कमरेवर हात, तोंडावरचा रुमाल गळ्यात,
बॅटरीचा झोत सरळ वर.
बाभळीच्या शेंड्यापलीकडे एक ठिपका होता,
चुकून वर उडालेल्या बियाएवढा, लालसर.
"तो दख. तथा शे," फोनला दाखवत म्हणाला.

"क्षमा करा," फोन म्हणाला, "मला समजलं नाही."

"समजी, समजी," आबानं त्याला पोत्यावर ठेवलं.
"दोन हंगाम ऱ्हा आठे."