ओष्ठ्य

प फ ब भ म
ओठाला ओठ टेकल्याशिवाय होत नाहीत,
एवढं डी.एड.ला शिकवलं होतं.
ओठ न दिसणाऱ्या वर्गात ती कशी शिकवायची
हे कुठल्याच टाचणात नव्हतं.

शिवडीची शाळा, दुसरा मजला, दुसरी ब.
डिसेंबरात उघडली, जानेवारीत मिटली, परत उघडली.
पहिली त्यांनी बापाच्या मोबाइलवर केलेली,
तीही रिचार्ज असेल तेव्हा.
एका बाकावर एक, असे डोळे आले
आणि मी हजेरी घेतली.

नावं मी मास्कवरून पाठ केली.
ब्लाउजच्या अस्तराचा, ती ओजस्वी टेमकर.
गोदीत फुकट वाटलेला, कानाशी गाठ मारून लहान केलेला, तो रेहान.
एकदा मधल्या सुट्टीत दोघींनी
फुलं देऊन वाघ घेतला
आणि मी संध्याकाळपर्यंत
चुकीच्या मुलीला शहाणी म्हणत राहिले.

आत काय काय चालायचं, मला काय कळणार.
बोराची बी तास तासभर घोळायची.
एकाचा दुधाचा दात
घरी मास्क झटकताना सापडला.

माझी एक जुनी युक्ती होती:
तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची.
प म्हटलं की थरथरते, फ म्हटलं की उडते.
त्या वर्षी पट्टी कुणाचीच हलली नाही.
सगळ्यांचा प कापसात गुंडाळलेला,
सगळ्यांचा भ कुठून तरी नाकातून.

म्हणून भूपेश मोकल
पहिल्यांदा हात वर करून उभा राहिला.
स्वतःचं नाव म्हणाला.
कुणी हसलं नाही.
वर्गात सगळेच तसे बोलत होते.

(बालवाडीत त्याला फाटक्या म्हणायचे.
वरचा ओठ जन्मताच दुभंगलेला,
वाडियात दोनदा शिवलेला.
हे मला फॉर्मवरून कळलं,
त्याच्या तोंडावरून नाही.)

पाडव्याला मास्क सुटला.
दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर परकी मुलं.
मी मनात बसवलेली नाकं सगळी चुकली होती.
ओजस्वीला हनुवटीवर खळी असेल
असं का वाटलं होतं मला?
तीही माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
बाई, तुम्ही डोळ्यांनी तरुण होता.

भूपेशने काढला नाही.
मोठे सर म्हणाले, आता सक्ती नाही.
मी म्हटलं, काढायचीही नाही ना, सर?
ते पुढच्या वर्गात गेले.

त्याची आई फाटकाशी थांबली होती.
राहू द्या बाई, म्हणाली,
त्याला कुणी काही बोललं नाही एवढ्यात.
लोकांच्या घरातली माणसं गेली बाई,
आमच्या याला मात्र...
आणि जीभ चावली.
पदराने तोंड झाकून घेतलं.

एप्रिल सरत आला.
खिडकीबाहेर खाडीच्या चिखलात
रोहित पक्षी चोची खुपसून उभे.
मधल्या सुट्टीत सगळे खाली नळावर,
मी रजिस्टर विसरले म्हणून परत वर आले.

भूपेश माझ्या टेबलाशी पाठमोरा.
मास्कची खालची कड अंगठ्याने उचललेली,
पातेल्याचं झाकण उचलून
भात झाला का बघतात, तेवढीच.
दुसऱ्या हातात पट्टी.

आवाज आला नाही.
पट्टी तशीच.
तशीच.
त्याने पाय बदलला, खांदे वर घेतले.
पट्टी हलली.
वाराही असेल, पंखा बंद होता पण.
मग पुन्हा किती तरी वेळ काही नाही.

मी जिन्यातूनच मागे फिरले.
खाली पेडणेकर मामा घंटेजवळ
घड्याळाकडे बघत उभे होते, टोला उचलून.
म्हटलं, मामा, जरा थांबा.
किती?
म्हटलं, तुमचा चहा होईपर्यंत.
चहा झालाय, म्हणाले,
आणि टोला खाली ठेवला.