चौदावी भाकरी

चौदाव्या भाकरीला हात थांबतो.
तवा तापलेला, पीठ परातीत,
आणि हात गुडघ्यावर पडलेला,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
अजून छत्तीस करायच्यात.
आठला पोरं येतील, डॉक्टर व्हायला लातूरला आलेली,
भूक लागली की पुस्तकं सुद्धा खातील अशी.

गोळी सुरू करून आज एकोणीस दिवस.
बाटली खुळखुळते म्हणून वरून कापूस कोंबलाय,
लेबल भिजवून नखानं खरवडलंय,
आणि बाटली ओव्याच्या डब्यामागं.
ओवा पोरं कधी मागत नाहीत.
रोज नऊला मोबाईल वाजतो,
त्यांना वाटतं, मावशीची मालिका लागली.

आधी थकत नव्हते असं नाही.
औशाच्या शिवारात तूर कापलीय.
आठ दिवसांनी नळ येतो त्या रात्री
दोनला उठून घागरी वर चढवल्यात, जिना मोजत.
तो शीण झोपलं की उतरायचा.
हा उतरत नाही.
हा माझ्या आधी उठतो
आणि शेगडीपाशी जाऊन बसतो.

दवाखान्यातली ताई म्हणाली,
नवीन औषध आहे, शरीराला थोडे दिवस द्या.
फारच वाटलं तर तारखेची वाट बघू नका,
या, रक्त बघू. अंगावर काढू नका.
मला हसूच आलं.
ताई, जन्मभर दुसरं काय केलंय मी?
दोन बाळंतपणं, त्याचं बोलणं,
एक अख्खा उन्हाळा पत्र्याखाली, तापात.
हे कुठून आलं ते ज्याला विचारायचं
तो आता हार घालून भिंतीवर आहे.
फोटोतही दुसरीकडंच बघतोय.

परवा जरा भिंतीला टेकले, जरासंच म्हणून.
जाग आली ती करपल्या वासानं.
कंधारचा व्यंकट तव्यावर भाकरी उलथत होता,
प्रज्योत थापत होता, कोपरापर्यंत पीठ.
एकेक भाकरी म्हणजे एकेका तालुक्याचा नकाशा.
कुणी काही विचारलं नाही.
कडा खाल्ल्या, करपलेलं ताटात ठेवलं, हसले.

मीठ शोधताना व्यंकटनं सगळे डबे हलवले होते.
ओव्याचा तेवढा जागच्या जागी,
जरा जास्तच सरळ.
जीवशास्त्रात तो वर्गात पहिला आहे.
रात्रभर मी ते सरळ ठेवणं आठवत राहिले.

आज सतराव्याला थांबला हात.
तीन भाकरींनी काय होतंय!
तरी पिठाच्या बोटानं भिंतीवर रेघ ओढली,
लगेच पुसलीही.

ताट धुऊन ठेवताना व्यंकट म्हणाला,
मावशी, नऊ वाजले.
मोबाईल अजून वाजायचा होता.
चप्पल घातली, गेला.

ओव्याचा डबा बाजूला करायला
मला दोन्ही हात लागले.