वरीलप्रमाणे

लिएपायाच्या बंदरात, दुसऱ्या मजल्यावर,
हीटरला चिकटून माझं टेबल.
ऑस्ट्रा झीले आली तेव्हा सव्वातीन झाले होते
आणि डिसेंबरचा अंधार खिडकीशी आलाच होता.
हातमोजे न काढता ती म्हणाली,
काइया. निळी होडी. अठरा वर्षं झाली.
शेवटचं काय बोलला ते हवंय.

बंदराचं सगळं बोलणं आमच्याकडे आहे.
कोण निघालं, कोण परतलं, वारा किती,
बिनतारीवर आलेलं वाक्यन्‌वाक्य कुणीतरी टंकलेलं.
महिन्याचं एक बोचकं, बारा बोचक्यांचं गाठोडं,
गाठोडी सगळी एका पेटाऱ्यात.
मध्ये एक साहेब आले होते, ज्यांना डिस्कवरची जागा
स्वतःच्या खिशातून गेल्यासारखी वाटे.
दाबून भरताना त्यांनी महिन्यांची नावंही खोडली,
नुसते आकडे ठेवले. एक ते दोनशे बारा.

मी शोधलं: काइया.
यंत्र म्हणालं, शून्य.
खोटं नव्हतं ते. गाठोड्यावरून हात फिरवून
आतल्या लुगड्याचा काठ कळत नाही.

तिला समजावायला गेलो:
दाबताना यंत्र शब्द एकदाच ठेवतं.
पुन्हा आला की नुसती खूण,
इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल.
जुन्या हिशेबवहीत असायचं ना, वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
"संसारासारखं," ती म्हणाली.

मग न सोडवता वाचायची आज्ञा दिली.
यंत्र एकेक गाठोडं मनातल्या मनात उलगडतं,
ओळ वाचतं, सोडून देतं, पुढची उलगडतं;
बाहेर एक चुणीसुद्धा पडत नाही.
पंखा घरघरू लागला.
तीन हजार एकशे चार ओळी.
काइया निघाली. काइया परतली. वारा नैर्ऋत्य. सर्व ठीक.
ओळीवर तास-मिनिटं, तारीख नाही.
मी जोड्या लावल्या. सगळ्या जुळल्या.
आमच्या दप्तरात ती होडी
जितक्यांदा निघाली तितक्यांदा परतली आहे.

हे मी तिला सांगितलं नाही.

मग नुसते आकार पाहत बसलो.
शांत महिने बारीक दबतात,
रोज तेच ते, त्याचं वजन काय.
एकशे सत्तावन्न मात्र फुगलेला, शेजाऱ्यांच्या दीडपट.
शितावरून भात.
उघडला तर पडद्यावर नुसते चौकोन, खुळी चिन्हं,
मध्येच एखादा आकडा.
रात्रपाळी गेन्नादीची होती.
लाटव्हियन ऐकायचा, रशियन लिहायचा,
आणि काइया म्हणजे कुरव पक्षी हे ठाऊक असल्याने
होडीचंही त्याने भाषांतर केलेलं: चायका.
जुनी संकेतपद्धत निवडली
तशी चौकोनांतून अक्षरं उठून बसली.

दोन वाजून चाळीस मिनिटं.
"जाळं जड आहे. अर्ध्या तासात वळतो.
घरी फोन कर, म्हणावं दाराला कडी नको."

त्याखाली: चायका, चायका, उत्तर द्या.
एकेचाळीस वेळा.
दाबल्यावर या सगळ्याला
एका ओळीहून फार जागा लागत नाही.
महिना फुगला होता तो नंतरच्यांनी:
हेलिकॉप्टर, गॉटलंडची गस्तनौका,
अनोळखी कप्तानांची नवी नवी नावं.

मी फक्त वरचं वाचलं, तिच्या भाषेत आणून.
तिने बोटांवर शब्द मोजले, मोज्यांसकट.
"एवढं तो घरी कधी बोलला नाही.
पुन्हा वाचा."
वाचलं.
कागदावर काढून देऊ का विचारलं, तर नको.
"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना ती माझ्याआधी पोचली होती
शेवटच्या शब्दांपर्यंत.
"फोन आला नव्हता," ती म्हणाली.
"पण कडी मी घातली नव्हतीच."