डावीकडे वळताना

शेडमध्ये ती कधीच बंद पडत नाही.
बटण दाबलं की खाकरते, गुरगुरते,
आणि टेगन माझ्याकडे बघते,
आपणच खोटं बोललो की काय, अशी.

मार्केट ड्रेटनपलीकडच्या चिखलाच्या ट्रॅकवर
तीन रविवार, तीन शर्यती,
तिन्ही वेळा मोठ्या उडीनंतरच्या डाव्या वळणावर
इंजिन गेलं. आचका नाही, धूर नाही.
बाकीच्या गाड्या तिच्यावर चिखल उडवत पुढे.

हिला किक नाही. नव्या गाड्यांना नसतेच,
वजन वाचतं म्हणे.
साबणाच्या वडीएवढी लिथियमची बॅटरी,
फेब्रुवारीत तिला आधी काखेत धरून ऊब द्यायची.
टेगनचा बाप ग्लिन चहात बिस्कीट बुडवत म्हणतो,
आमच्या वेळी एक प्लग, एक तार, बस्स.
आणि दर रविवारी हेही म्हणतो:
पोरी, क्लच उशिरा दाबतेस.

मी आधी इचलकरंजीत मागांच्या मोटारी बांधायचो,
आता बावीस वर्षं टेलफर्डात लोकांच्या गाड्यांच्या वायरी.
रिले बदलला. स्टेटर तपासला.
गाडी आडवी झाली की इंजिन तोडणारा सेन्सर
उलटा तर बसला नाही ना, तेही पाहिलं.
एका कनेक्टरमध्ये धुण्याचं पाणी,
पिना हिरव्या,
बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकावं तशा.
सापडलं, म्हणालो. ग्रीस भरलं.
चौथा रविवार. तेच वळण.
साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

शनिवारी रात्री, ग्लिन झोपायला गेल्यावर,
टेगन म्हणाली, थांबा, मी बसते.
बूट घातले, हेल्मेटसुद्धा,
सगळं वजन पुढे टाकलं, कोपर वर,
आणि हँडल डावीकडे, शेवटपर्यंत.

सरळ: तेरा पूर्णांक दोन.
डावीकडे: शून्य.
परत सरळ. परत डावीकडे.

टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी,
काळं रबर अखंड, ना चरा, ना भेग.
आत तांब्याची दोन टोकं
एकमेकांना नुसती टेकलेली.

मला वाटलं, ओरडेल, नाचेल.
ती हेल्मेटच्या आतूनच म्हणाली,
म्हणजे क्लच नव्हता.

नवी वायर ओढेपर्यंत दीड वाजला.
कापलेला चार बोटांचा तुकडा तिने उचलला,
जीन्सला पुसला
आणि बापाच्या रिकाम्या मगात ठेवून दिला.