घोडा कुठं बांधायचा

सोन-कुलच्या काठावर पहिल्याच दिवशी मी
दोनशे चौदा फोटो काढले
आणि दोनशे चौदा वेळा तळं मधोमध चिरलं,
कलिंगड चिरावं तसं:
वर अर्धं आभाळ, खाली अर्धं पाणी,
मध्ये डोंगर, बियांएवढे.
समोर पाहताना छाती भरून आली होती.
कॅमेऱ्याच्या पडद्यावर उतरलं ते
पोस्टाच्या तिकिटासारखं काहीतरी.

निघण्यापूर्वी भाचा म्हणाला होता,
मावशी, चौकटीचे तीन भाग कर आडवे, तीन उभे.
केले.
नऊ खोल्या मिळाल्या,
भाडेकरू एकही नाही.

बुरुलचा शेणाच्या विटा रचत होती.
हात झग्याला पुसून तिनं कॅमेरा मागितला,
एकेक चित्र पाहिलं, घाई न करता,
संध्याकाळी मेंढ्या मोजते तसं.
मग काही बोलली. नातवानं, एर्मेकनं,
ते शाळेतल्या इंग्रजीतून माझ्यापर्यंत पोचवलं:
आजी विचारतेय, यात घोडा कुठं बांधायचा?

मी हसले.
ती हसली नाही.

रात्री युर्टच्या माथ्यावरचा नमदा
अर्धाच ओढलेला राहिला होता.
छपराच्या गोल भोकातून, वाकड्या काठ्यांच्या फुलीतून
परातीएवढं आभाळ, त्यातलंही अर्धं.
बाहेर अख्खं आभाळ फुकट पडलेलं,
तरी मी त्या तुकड्याकडेच बघत राहिले,
कूस बदलली की तारे बदलत होते.
कूस बदलली की.
उठून बसले.

पहाटे कॅमेरा गळ्यात, डोळा उघडा,
बटणाला हात न लावता चालत सुटले.
दहा पावलं डावीकडे. पुढं. उकिडवी बसले,
मग सरळ पोटावर, दवात, नवा स्वेटर घालून.
नाकासमोर एक दगड आला,
त्यावर दगडफुलाचे नारिंगी डाग,
दगडाच्या कुशीतून निघालेली मेंढवाट,
वाट पाण्यापाशी, पाणी डोंगरापाशी,
आणि डोंगर आता कुणाला तरी
भेटायला आल्यासारखा उभा.

बुरुलचानं पाहिलं. दगडावर बोट ठेवलं.
"हं. इथं बांधला."
आणि लगेच,
"पण आमचा ट्रक कुठंय?"

ट्रक.
दोन दिवस मी त्या निळ्या ट्रकला पाठ देत होते.
अर्धं पाऊल सरकून त्याला गाळत होते,
सोबत सौर पत्रा, प्लास्टिकचे कॅन,
दोरीवरची गुलाबी चादर.
कोरं, जुनं, कुणी न हाताळलेलं हवं होतं मला.
इतक्या लांब मी त्याचसाठी आले होते.
एर्मेक म्हणाला, अकरा मेंढ्या आणि एक शिंगरू
विकून घेतला. जूनमध्ये घर त्यातून वर येतं.
सप्टेंबरात खाली जातं.

मग ट्रक घेतला. डाव्या भागात, नाक तळ्याकडे,
पुढं भरपूर मोकळं गवत.
जाणाऱ्यापुढं जागा सोडावी
एवढं मला कुणी न शिकवता कळलं.
बुरुलचानं ओल्या फडक्यानं काच पुसली
आणि चौकटीबाहेर येऊन उभी राहिली.
बॉनेटवर ढगाची सावली होती.
ती हटेपर्यंत पाऊण तास गेला,
तेवढ्यात तिनं दोन घोड्या दोहल्या.
बॅटरीची शेवटची रेघ लाल झाली
तेव्हा ऊन आलं.
एकच फोटो.

कागदावर छापून पाठवलाय, कोचकोरच्या
किराणा दुकानाच्या पत्त्यावर,
माळावर पोस्टमन जात नाही म्हणून.
पोचला की नाही, माहीत नाही.
माझी प्रत फ्रिजवर आहे.
रोज दूध काढताना दिसतं,
क्षितिज डावीकडे जरासं कललंय.
तळं सांडतंय,
ट्रकच्या बाजूनं, सावकाश.